थंडोबाचं खोकं

औषधांच्या गोदामात त्याला सगळे थंडोबा म्हणत. शीतखोली त्याच्या ताब्यात. भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर आणि बोलणं बेताचं. नव्या माणसाला मात्र तो हटकून बजावायचा, "उकाड्यानं औषध आजारी पडतं. गोठलं की मरतं."

त्याच खोलीतलं एक इंजेक्शन त्याच्या वहिनीला लागू पडलं होतं. कॅन्सरवरचं, पहिल्या चाचण्यांतल्या आशेवर घाईनं बाजारात आलेलं. वहिनीच्या मानेवरची गाठ विरत गेली, ती पुन्हा जिना चढू लागली. मग मोठ्या चाचणीचा निकाल आला. बहुतेकांना त्याचा उपयोग नव्हता. कंपनीनं औषध मागे घेतलं. दुकानांतून परत आलेला माल गोदामातून जाळायला जाऊ लागला.

"माझी गाठ गेली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?" वहिनीनं विचारलं.

"तुमच्या एकटीसाठी कारखाना चालवायचा होय?" तो हसला. पण जाळायच्या मालातलं एक खोकं त्याच्या डब्याच्या पिशवीतून वहिनीच्या फ्रिजमध्ये पोचलं. मधल्या कप्प्यात, नीट. आयुष्यातली त्याची पहिली चोरी.

इंजेक्शनच्या दिवशी तो गेला तेव्हा ती बाही सरसावूनच बसली होती.

"या भावजी. आधी इथे हात लावून बघा. वाटाण्याएवढं काहीतरी लागतंय."

लागत होतं.

"म्हणून तर आणलंय ना," तो म्हणाला आणि फ्रिजकडे वळला. दार उघडताच थंडी अंगावर आली. पाण्याची एक बाटली तडकलेली होती.

"परवा काय उकडत होतं!" वहिनी मागून सांगत होती. "म्हटलं, जिवावर उदार होऊन आणलंत, नासायला नको. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. आज सकाळी जरा कमी केलं, तुमची बोटं गोठतील म्हणून. बघा, कसं जपलंय!"

त्यानं एकेक कुपी खिडकीच्या उजेडात धरली. प्रत्येकीत तळापासून बारीक पांढरे तंतू उठत होते, गिरकी घेऊन पुन्हा खाली बसत होते.

"घुबडासारखे बघत काय बसलात? टोचा की."

"फार गार आहे," तो म्हणाला. कुपी त्यानं मुठीत घट्ट मिटली. "ऊब येऊ दे जरा."

"येऊ दे. मला कुठे जायचंय?"

ती बाही वर करून बसून राहिली. दुसऱ्या हाताची बोटं मानेवर त्याच जागी पुन्हा पुन्हा जात होती.