पितळी दांड्या आणि जायचं लुगडं

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर आम्ही भाड्यानं घर घेतलं, तेव्हा आमच्या ह्यांना सगळ्यात जास्त कौतुक होतं ते खिडक्यांचं. समोरच्या खोलीला रस्त्यावर दोन मोठ्या, स्वयंपाकघराला एक लहान. आल्यागेल्याला हे आधी खिडक्या दाखवायचे, मंग पोरगी. पोरगी अजून रांगतसुद्धा नव्हती, पण पाळण्यात आहे म्हणून तरी दाखवावी की नाही माणसानं!

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, त्याच खिडक्या नको झाल्या. त्या टेंभुर्णीहून पोरीला सांभाळायला आल्या होत्या. येत्या जूनपासून मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती, आमच्या दोन्ही घरांत नोकरीला निघालेली पहिली बाई मीच. आत्याबाई राहिल्या तर नोकरी राहणार, त्या गेल्या की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

त्यांचं गावचं घर धाब्याचं. रस्त्याकडं नुसती भिंत, आणि उजेडाला छतात एक भोक, त्याला सवणं म्हणायचं. उजेडानं वरून यावं आणि माणसानं दारातून, अशी त्यांची रीत. इथं दोन्ही खिडकीतून येत होते. त्या जेवायला बसल्या की रस्त्यावरचा सायकलवाला ताटात काय आहे ते बराबर बघून जाई. मंग त्या पदर ओढून भिंतीकडं तोंड करून जेवायच्या, आणि दुपारी खिडकीखाली अंग चोरून पडायच्या.

त्यांच्या गाठोड्यात एक हिरवं, तलम नऊवारी लुगडं होतं. ते त्यांचं जायचं लुगडं. आमच्याकडं बाई कुठं पाहुणी गेली की परतीच्या वाटेसाठी एक चांगलं लुगडं घडी न मोडता ठेवते. ते बाहेर निघालं की समजायचं, बाई निघाली. आत्याबाई रोज संध्याकाळी गाठोडं सोडायच्या, त्या लुगड्यावरून हात फिरवायच्या आणि परत बांधायच्या.

मी ह्यांना म्हटलं, पडदे लावू. एवढं म्हणायचा अवकाश! हे बँकेत कारकून, आणि ह्यांच्या साहेबाच्या बंगल्यात पितळी दांड्या, पितळी कड्या आणि जमिनीवर लोळणारे जाड पडदे होते. ह्यांच्या डोळ्यांपुढं तेच. जुन्या जालन्यात दुकानात गेलो तर दुकानदारानं आधी स्प्रिंगची तार दाखवली. दोन्ही टोकांना आकडे, ओढून अडकवली की झालं. स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ हलका अर्धा पडदा पुरे, त्याला ही तार बरी, असं मी म्हटलं. हे नाक मुरडून म्हणाले की वलणीवर धुणं घातल्यासारखं दिसेल. मी तरी ती घेतलीच, चांगली लांब घेतली. मधल्या दाराला सोलापुरी चादर टांगायची होती, तिचं वजन पेलायला लोखंडी नळी घेतली, त्याला ह्यांची ना नव्हती. पण रस्त्यावरच्या खिडक्यांना पितळच पाहिजे. आणि त्यावर कापड असं जाड की त्याची गोणपाटं शिवावीत. मी भर दुकानात तसं म्हटलं. दुकानदार हसला, हे हसले नाहीत.

रविवारी ह्यांनी हातोडा घेतला. मी स्टूल धरलं. मे महिन्याचा उकाडा, त्यामुळं खिडक्यांच्या झडपा सताड उघड्या. आमच्या झडपा आत उघडणाऱ्या, कारण बाहेरच्या अंगाला गज. ह्यांनी त्या उघड्या झडपांच्या मधोमध चौकटीला दांडी ठोकली, दोन्ही खिडक्यांना, अगदी सरळ, पातळीत. त्या दांडीमुळं आता झडप लागणार नाही, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मे महिन्यात खिडकी लावतंय कोण!

पडदे ओढले आणि घरात अंधार झाला. हे लांब उभं राहून, मान तिरकी करून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, हे बँकेतून यायच्या आधी, आत्याबाईंनी मला जवळ बसवलं.

"आधी समदे मला बघत होते," त्या म्हणाल्या. "आता मला कोणीच दिसत न्हाई. कणगीत घालून ठेवल्यावानी वाटतंय. मी उद्याच्या गाडीनं जाते, माय."

चूल आणि मूल माझ्या नशिबाला परत चिकटत होतं, आणि तेही पितळी दांडीपायी. स्वयंपाकघरात गेले आणि कणकेवर राग काढला. रागापेक्षा रडूच जास्त येत होतं.

हे घरी आले, आत्याबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. गाठोडं बांधून तयार होतं आणि त्यावर हिरवं लुगडं काढून ठेवलेलं. आणि तेवढ्यात वावटळ उठली. आमच्याकडची मे महिन्यातली वावटळ म्हणजे अर्धं शेत उचलून घरात आणते. हे झडप लावायला धावले. झडप दांडीवर आपटली, टण्ण. दुसरी आपटली, टण्ण. हे जोर लावत होते आणि पितळ काही हटेना, ह्यांनी कधी नव्हे ते काम पक्कं केलं होतं. पडदे छताला लागले, घरभर फुफाटा. पोरगी किंचाळायला लागली. आत्याबाईंनी तिला उचललं, हाताला लागलं ते लुगडं ओढलं, डोक्यावरून घेतलं आणि दोघी त्याच्या आत बसल्या, खिडकीकडंच तोंड करून.

पोरगी गप झाली. जरा वेळानं लुगड्याच्या आतून आवाज आला.

"यातून समदं दिसतंय की."

मंग त्या सांगायला लागल्या. समोरच्या शिंप्याची ताडपत्री उडाली. हॉटेलात शेळी घुसली. सायकलवाला पडला, बरं झालं. मी खिडकीकडं गेले आणि मागं वळून बघितलं, तर मला लुगड्याचा नुसता हिरवा ढीग दिसत होता.

वारा पडल्यावर मी कोणाला न विचारता स्टुलावर चढले आणि दांड्या उपटल्या. स्प्रिंगची उरलेली तार घेतली आणि झडपांच्या पलीकडं, गजांना लागून, या कडेपासून त्या कडेला ताणली. झडप लावून बघितली, लागली. हे खाली स्टूल धरून उभे होते. आता हलकं कापड पाहिजे होतं आणि ते घरात एकच होतं. ते मागायची माझी हिंमत नव्हती.

मागं टर्रकन आवाज झाला. आत्याबाईंनी लुगड्याला दातानं चीर दिली होती आणि ते मधोमध फाडत होत्या. त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला आणि वर माझ्यावरच डाफरल्या.

"आता मी काय नेसून जाऊ, सांग."

मी स्टुलावर उभी राहून रडले, आणि हे खालून विचारत होते की डोळ्यात धूळ गेली का.

पितळी दांड्यांवर पुढं कित्येक वर्षं आमची धुणी वाळली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी निघाले. रस्त्यावर जाऊन मागं वळले. खिडकीत हिरवा पडदा, त्याच्या आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पोरगी रडतेय का, ऐकू येईना. मी तशीच उभी राहिले.

"पुढं बघून चाल," पडदा म्हणाला. "सायकलवाला येऊन राह्यलाय."