एका वेळी एकच पान

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागचं करडं मशीन दिसलं आणि तुम्ही दोघं हसलात. "आजी, हे म्युझियममधून आणलंस का?" तुमचे बाबा म्हणाले, "आई, ते फॅक्स मशीन आता भंगारात दे." मी विषय बदलला. मशीन का ठेवलंय ते सांगायचं तर एका पेशंटबद्दल बोलावं लागलं असतं, आणि दवाखान्यातली गोष्ट विचारल्याशिवाय बाहेर न्यायची नाही असा या घरचा नियम आहे. काल त्या पेशंट मुलीला फोन केला. ती म्हणाली, "लिहा की काकू. नाव तेवढं नको." म्हणून आज लगेच लिहायला बसले.

तुमच्या आजोबांचा दवाखाना खालच्या मजल्यावर होता, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या फायली मी सांभाळायचे. आजोबा गेल्यावर मोठ्या माणसांच्या फायली मी रीतसर फाडून टाकल्या, लहान मुलांच्या मात्र ठेवल्या. मुलं मोठी होतात, दूर जातात आणि आपल्याला सातव्या वर्षी काय झालं होतं हे त्यांना सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी. पाणी दिलं तर पेला हातातच राहिला.

"बाई, माझ्या पोरीची फाईल आहे का हो अजून? अमेरिकेत आहे ती. पित्ताचे खडे झालेत, परवा ऑपरेशन आहे. लहानपणी हर्नियाच्या वेळी डॉक्टरांनी हितं भूल दिली तर तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं, तव्यासारखं तापलं. रिक्षातनं बर्फाची लादी आणली होती मी. तेवढंच आठवतंय. तिथले डॉक्टर विचारायलेत, औषध कुठलं होतं? कळल्याशिवाय भूल देणार नाहीत म्हणे."

फाईल पाच मिनिटांत सापडली. भुलीच्या पानाचा फोटो काढून तिच्या मुलीला पाठवला. तिकडे रात्र होती, पण ती जागीच होती; नियम तिने आधीच विचारून ठेवला होता. तासाभरात तिचा निरोप आला: पेशंटने दाखवलेला फोटो तिथल्या कचेरीला चालत नाही. कागद दवाखान्याकडूनच यायला हवा, पोस्टाने किंवा फॅक्सने. पोस्टाला दोन आठवडे लागले असते.

मला हायसं वाटलं. फॅक्स आहे की! मशीनवरचं फडकं काढलं, लेटरहेडवर पत्र लिहिलं आणि फाईलची चौदा पानं क्रमाने लावून नंबर फिरवला. मशीन किंचाळलं, पलीकडचं मशीनही किंचाळलं. पहिलं पान सरकत आत गेलं. दुसरं अर्ध्यावर थांबलं. लांब शिट्टी, आणि संदेश गेला नसल्याची चिठ्ठी. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पहिलं पानही पुरतं गेलं नाही.

त्याआधीच्या हिवाळ्यात रस्ता खोदताना आमची जुनी टेलिफोनची तार तुटली होती. कंपनीने तार न जोडता इंटरनेटची केबल आणली, भिंतीवर पांढरा डबा लावला आणि फोन त्या डब्यात खोचला. नंबर जुनाच राहिला, आवाज आधीपेक्षा स्वच्छ येऊ लागला. मी खूश होते. फॅक्स मात्र त्यानंतर कुणी केलाच नव्हता.

कस्टमर केअरला फोन केला. तिथल्या मुलीने डबा बंद करून चालू करायला सांगितला. मी तीनदा केला. मग तिने अदबीने विचारलं, "मॅडम, फॅक्स म्हणजे नेमकं काय?"

तेव्हा केबल टाकून गेलेला माणूस आठवला. मूळचा माढ्याकडचा, पन्नाशीचा. उमेदीची सगळी वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेलेली. त्याला फोन केला; सात रस्ता चौकात कुणाचं तरी काम करत होता, ते टाकून आला. रिसीव्हर कानाला लावून त्याने डोळे मिटले आणि मशीनची किंकाळी शेवटपर्यंत ऐकली.

"डॉक्टरीणबाई, लाइनीला काय झालं न्हाय. पन ही तांब्याची तार न्हाय. हितं आवाजाचं तुकडं करत्यात, इंटरनेटवरनं धाडत्यात आन् तिकडं परत जोडत्यात. एखादा तुकडा गळला तर मानसाला कळत बी न्हाय. मशीनला कळतंय. लगीच रुसतंय ते."

"मग?"

"लई भरभर बोलतंय हे. हळू बोलाया लावू."

त्याने मशीनचा वेग निम्म्याहून खाली आणला. कॉल वेटिंग काढलं. मग चुका दुरुस्त करण्याची सोयही बंद केली, तेव्हा मला राहवलं नाही. "अहो, चुका दुरुस्त करणं कशाला बंद करता?"

"जरा गळलं की ते मागचं परत मागत बसतंय, आन् त्यातच तुटतंय. जाऊ द्या की एखादी रेघ. किती पानं हायत?"

"चौदा."

"लागतंय ते एकच धाडा."

इथे मी अडले. फाईलमधून पान सुटं करायचं नाही, सुटं पान म्हणजे हरवलेलं पान, हे मी दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला शिकवलेलं. फाईल जाईल तर पूर्ण जाईल, असं मी त्याला ठणकावलं. ती आई माझ्याकडे आणि घड्याळाकडे आलटून पालटून बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, काढा की हो पान."

मी टॅग सोडला. नववं पान बाहेर काढलं. औषधांची नावं, दर पाच मिनिटांचा ताप, बर्फ, ऑपरेशन थांबवल्याची वेळ, सगळं इंग्रजीत. तळाशी आजोबांच्या अक्षरात एक ओळ मराठीत होती.

पान लावलं. पुन्हा किंचाळ्या सुरू झाल्या. मला तिथे उभं राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन चमचे सारखे केले, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. तिथे भिंतीवर त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता. जातंय की नाही, तेवढंच ऐकावं म्हणून मी तो उचलला. कानात कर्कश आवाज शिरला, मी घाईने खाली ठेवला. बाहेर लांब शिट्टी वाजली.

"कुनी उचालला?"

मी दारात आले. "मी."

"डॉक्टरीणबाई! भाकरी तव्यात टाकून सारखी उलथून बघितली तर भाजंल व्हय?"

ती आई हसली, त्या दुपारी पहिल्यांदाच. त्याने स्वयंपाकघरातल्या फोनची वायर उपसली आणि सरळ स्वतःच्या खिशात घातली. "आता हितं बसा. दोगी बी."

आम्ही बसलो. पान इतकं सावकाश सरकत होतं की थांबलंय असंच वाटत होतं. ती पदराचं टोक पिळत तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. मी तिला गप्प बसा म्हणणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की तिच्या बोलण्याने मशीनला काही होत नाही. दोन मिनिटांहून थोडं जास्त लागलं. पान बाहेर पडलं, पाठोपाठ चिठ्ठी आली. गेलं होतं.

पण जाणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. तिकडची कचेरी उघडायची होती. माणूस चहा पिऊन गेला. आम्ही दोघी तिच्या मोबाइलकडे बघत बसलो. दिवेलागणीला तो वाजला. मधे एक पांढरी रेघ आली आहे, मुलगी म्हणाली, पण औषधांची नावं स्वच्छ आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पान पाहिलं, त्यातली औषधं ते वापरणार नाहीत, ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईल. मग आई तिच्याशी इतकं भराभर तेलुगू बोलली की मला एक शब्द लागला नाही.

ऑपरेशन नीट झालं. ते कळेपर्यंतचे दोन दिवस मी घरातली सगळी कपाटं आवरण्यात काढले.

फॅक्स गेला त्या संध्याकाळी निघताना ती आई दारात थांबली होती. "खाली मराठीत लिवलंय ते वाचलं मी. 'आई बाहेर बसली आहे, दर अर्ध्या तासाने तिला सांगणे.' सिस्टर सारखी येऊन सांगत होती तवा. मला वाटलं, तिला माझी दया आली असंल."

ती गेल्यावर मी नववं पान परत टॅगमध्ये ओवलं. आज सकाळी फाईल उघडून पाहिली. शाई फिकी झाली आहे, पण चौदाही पानं जागेवर आहेत.