हमीदची पाठ

हमीद गेल्याचं मला त्याच्या धाकट्या भावाने, सलीमने, कचेरीच्या जिन्यात सांगितलं. फाइल काखेत धरून मी वर निघालो होतो. "भाई वारला," तो म्हणाला. आणि मी म्हणालो, "बरं, संध्याकाळी येतो." दोन पायऱ्या चढलोसुद्धा... मग पाय उचलेना. मंगळवार पेठेतल्या आपल्या सायकल दुकानात चाकात हवा भरता भरता हमीद खाली बसला होता. छातीत जड वाटतंय म्हणाला, आणि शेजारच्या हॉटेलातून पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बेचाळीस वर्षांचा, तालमीत घडलेला गडी. सहा आठवडे होत आले, पण मला अजून हे पटलेलं नाही.

आमची दोस्ती शाळेपासूनची, पण ती घट्ट झाली कराटेच्या सिनेमांनी. पंचविशी ओलांडल्यावर, म्हणजे शहाणपण यायच्या वयात, आम्हाला ते वेड लागलं. रविवारी सकाळच्या खेळाला स्वस्तातले परदेशी सिनेमे लागायचे. सगळाच आनंद असायचा. ओठ एक बोलायचे, आवाज दुसराच यायचा. ठोसा अजून हवेत असतानाच त्याचा फाडकन आवाज व्हायचा. म्हाताऱ्या गुरूची दाढी गोंद सुटून वाऱ्यावर हलायची. दहा गुंड हिरोला वेढून उभे राहायचे आणि रेशनच्या रांगेतून यावं तसे एकेक करून मार खायला पुढे यायचे. सगळे एकदम का जात नाहीत, हे विचारायचं नसतं. तरी आम्ही दर रविवारी हजर. कारण त्यात भांडी घासणारा किडकिडीत पोरगा दीड तासात मालकाला लोळवायचा, आणि ते समजायला कुठली भाषा यावी लागायची नाही. मेहनत करणाऱ्याला न्याय मिळतो, हे ते सिनेमे इतक्या मनापासून सांगायचे, की बाकीचं सगळं आम्ही पोटात घालायचो. हमीदचं बघणं मात्र वेगळं. मी हिरोकडे बघायचो, तो पडणाऱ्यांकडे. मारणारा नुसता हातपाय फिरवतोय, पडणारा नीट पडला तरच त्याची ताकद दिसते, असं त्याचं म्हणणं होतं.

मग आमच्या कोल्हापुरातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला मराठीत कराटेचा सिनेमा काढायची हुक्की आली. माझं अक्षर बरं, म्हणून संवाद उतरवून द्यायला त्याने मला धरलं होतं. हिरो पुण्याचा. तो महिनाभर कराटे शिकून आला होता. गुंड म्हणून शहरातल्या तालमींमधले पैलवान आणले. दगडाच्या खाणीत पहिल्या दिवशी कॅमेरा सुरू झाला, हिरोने लाथ मारली... आणि पैलवान जागचा हलला नाही. पुन्हा मारली, तेव्हा तो पालथा पडला. दुसरा गुडघ्यावर बसला, तिसरा नुसताच बाजूला झाला. उताणं पडायला एकही तयार होईना. पाठ मातीला लागली म्हणजे कुस्ती हरली, आणि इथे तर ती गावोगाव पडद्यावर दिसणार. कोल्हापुरातल्या पैलवानाला हे सांगायला जायचं म्हणजे त्याला भर चौकात नाक घासायला सांगण्यासारखं होतं. दिग्दर्शक डोकं धरून बसला. तेव्हा त्या पैलवानांतच असलेल्या हमीदला मी गळ घातली. "अरे, खोटं खोटंच तर पडायचंय," असं मीच म्हणालो. तो पुढे आला. मग शर्ट काढून उभा राहिला आणि असा धाडकन पडला, की खाणीतल्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या.

सिनेमा लागला आणि तालमीत बोभाटा झाला. दहाव्या वर्षापासून हमीद दत्तू वस्तादांच्या हाताखाली वाढलेला. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. हमीदच्या खुराकाचं दूध ते स्वतः समोर उभं राहून काढून घ्यायचे. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं. मीही दारात होतो. "खोटं का हुईना, पाठ टेकलास. आता मातीत पाय ठेवू नगंस," एवढंच बोलले. हमीदने उंबऱ्याला हात लावला आणि बाहेर पडला. पुढे त्याने दुकान टाकलं तेही तालमीच्या समोरच. मी एकदा रागावून म्हणालो, जा की, माफी माग, म्हातारा विरघळेल. तर म्हणाला, "वस्तादाला सांगाय लागतंय व्हय?" मला त्याचा अर्थ कळला नाही. मी त्याला हेकट म्हणालो. नऊ वर्षं दोघं समोरासमोर राहिले. वस्तादांनी सायकलमध्ये हवासुद्धा कधी हमीदकडे भरली नाही.

कब्रस्तानात वस्ताद आले होते. फेटा बांधून, काठी टेकत, माझ्याशेजारी उभे राहिले. हमीदला खाली उतरवलं. कबरीत उतरलेल्या दोघांनी त्याला उजव्या कुशीवर वळवलं आणि पाठीशी मातीची ढेकळं लावली. असं का करतात, असं वस्तादांनी मला हळूच विचारलं. तोंड काब्याकडे, पश्चिमेला करतात, मी सांगितलं. ते खाली बघत राहिले.

"सिनेमात बी त्यो असाच पडलाय," ते म्हणाले. "उजवा खांदा टेकलाय, डावा उचललेला हाय. पाठ न्हाय लागली त्याची. मागनं चारदा बघितलाय म्या."

तो सिनेमा मी निदान बारा वेळा बघितला होता. मला कधी दिसलं नव्हतं. बघणाऱ्याला चीतपट वाटावं, दिग्दर्शक खूश व्हावा, हिरोची लाथ खरी ठरावी, आणि तरीही पाठ कोरी राहावी, असं तो पडत होता. मी विचारलं, मग त्याला बोललात का नाही?

"शब्द तोंडातनं गेलता. वाटलं, त्यो यील."

म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मग आठवलं, पड म्हणणारा मीच होतो. मातीची मूठ हातात तशीच राहिली होती. सलीमने माझा हात धरून ती टाकायला लावली.

गेल्या आठवड्यात कळलं, की इचलकरंजीत सकाळच्या खेळाला तो सिनेमा पुन्हा लागलाय. वस्तादांना विचारलं, येता का? नको म्हणाले. एकटाच गेलो. रात्रपाळी संपवून आलेले यंत्रमागाचे कामगार, अंगावर कापसाची पिंज तशीच, शिट्ट्या मारत बसले होते. सिनेमा होता त्याहून वाईट वाटला. रंग उडालेले, आवाज मागे पडलेला, हिरोचा पाय गुंडापासून वीतभर लांबून गेलेला दिसत होता. आणि मग हमीद पडला. या वेळी मी फक्त त्याच्याकडे बघत होतो. धूळ उडाली, आणि त्या धुळीत त्याचा डावा खांदा चार बोटं वर राहिलेला मला स्पष्ट दिसला. मला हुंदका आवरेना. इतक्या माणसांत, त्या भिकार सिनेमात, मी तोंडावर रुमाल दाबून रडत होतो.

शेजारच्या कामगाराने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. हा सिनेमा त्याला पाठ असावा. माझ्या मांडीवर थोपटत तो म्हणाला, "पावणं, रडताय कशापायी? म्होरल्या फायटीत परत येतोय की त्यो. मिशी लावून."