राखणदाराची बिडी

दोन हजार साली आमची पलटण काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ होती. कंपनीची पोस्ट एका उंच धारेवर. खाली नाला, पलीकडे देवदारांचं जंगल. त्या जंगलातून माणसं आत घुसायची आणि त्यांची वाट अडवणं हे आमचं काम. लोकांना वाटतं, सैनिक सतत गोळ्या झाडत असतो. खरं म्हणजे तो बहुतेक वेळ पडून असतो. दगडाआड, पावसात, न बोलता, न हलता. याला अँबुश म्हणतात. अँबुशमध्ये एकाला खोकला आला, तर सगळी पार्टी उघडी पडते.

मी लान्स नायक दत्ताराम, गाव तोंडवली. माझ्याच सेक्शनमध्ये देवगड तालुक्यातल्या मिठबावचा जयवंत होता. आम्ही भरतीला एकाच दिवशी उभे राहिलो आणि ट्रेनिंगही एकत्रच केलं. बिडी मी मामाच्या होडीवर शिकलो, तो आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला असताना शिकला. पलटणीत आमचं बंडल एक आणि काडेपेटी एक होती.

मग तो नायक झाला आणि मी लान्स नायकच राहिलो. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून. तो रायफल साफ करायला बसला तरी साहेब थांबून बघायचे. लंगरमध्ये जेवताना दशावतारातल्या राणीचा आवाज काढायचा आणि पंजाबी ड्रायव्हरसुद्धा पोट धरून हसायचे. मी तीच नक्कल केली, तर लोक म्हणायचे, "सर्दी झाली काय रे?" माणूस वाईट असता, तर निदान मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. पण तो मला स्वतःच्या ताटातला मटणाचा तुकडा द्यायचा. त्यानं तर मी जास्तच जळायचो.

ऑक्टोबरात कंपनी कमांडर मेजर साहेबांनी सगळ्यांना फॉलिन केलं.

"अँबुश पार्टीत बिडीवाला चालणार नाही. जो खोकेल तो पोस्टवर राहील. कोणाला शंका?"

"नो सर."

पोस्टवर राहणं म्हणजे पाणी भरायचं, रेतीची पोती रचायची आणि परत आलेल्या पार्टीकडून गोष्टी ऐकायच्या. मला ते नको होतं. जयवंत पार्टीत जाणार आणि मी त्याच्यासाठी चहा उकळणार, हे तर मुळीच नको होतं.

त्याच संध्याकाळी जयवंत मला बंकरमागे घेऊन गेला. तिथे एक उभा दगड होता. आमच्या भागात प्रत्येक गावाच्या वेशीला राखणदार असतो. त्याला नारळ चालतो, पण त्याची खरी आवड बिडी-काडीची. एकदा त्याच्यापुढे ठेवलेली बिडी पुन्हा उचलायची नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"ह्यो हयचो राखणदार," जयवंत म्हणाला.

"तुका कोणी सांगितल्यान?"

"कोण तरी आसतलोच मा. राखणदाराशिवाय डोंगर आसता काय?"

त्याने आमचं बंडल दगडाखालच्या खाचेत सरकवलं, वर काडेपेटी ठेवली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्यो बंडल तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा. आमची तलफ तू पदरात घे. ह्या वाटेन काय वंगाळ येत आसात, तर थंयच आडय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

धारेवरचा सेंट्री साताऱ्याकडचा होता. तो आमच्याकडे बघत राहिला. आमच्या बिड्या तिथे संपल्या.

त्याच्या संपल्या, असं म्हणायला हवं. माझं डोकं दुखायचं, झोप उडाली, लंगर कमांडरशी भांडणं झाली. मी लवंगा चघळल्या, फुटाणे खाल्ले. जयवंत शिमग्याला सुट्टीवर गेला आणि येताना माझ्यासाठी घरची कोकमाची सोलं घेऊन आला. तलफ आली की एक सोल गालात धरायचं. माझे दात आंबून गेले. त्याला मात्र काहीच होत नव्हतं. शेजारी कोणी बिडी पेटवली, तरी हा गडी आपला मोजे धूत गाणी गुणगुणत बसायचा.

"तुका तलफ कशी येणा नाय रे?" मी एकदा विचारलं.

"येता आणि जाता," तो म्हणाला.

मला तो उत्तर द्यायचं टाळतोय असं वाटलं. मला वाटलं, देवाने याची छातीच वेगळी घडवली आहे. त्याच्या छातीचासुद्धा मला हेवा वाटला.

जुलैत धारेवर धुकं बसलं आणि उठेचना. राशनचं खेचर वर येईना, कपडे वाळेनात. अशा एका दुपारी सुभेदार साहेबांनी पुढच्या अँबुशची नावं सांगितली. नंबर वन स्काउट, नायक जयवंत. नंबर वन स्काउट म्हणजे सगळ्यात पुढचा माणूस. माझं नाव यादीत होतं, पण शेवटून दुसरं. सगळ्यांनी जयवंतच्या पाठीवर थाप मारली. मीही मारली, जरा जोरातच.

मग मी बंकरमागे गेलो, दगडाखाली हात घातला आणि राखणदाराची बिडी काढली. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरी पेटली. बिडी सर्दावली होती आणि तिला ओल्या गोणपाटासारखी चव होती. तरी मी ती बोटं भाजेपर्यंत ओढली. फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

जयवंतला लांबूनच वास लागला.

"राखणदाराची ओढलंस?"

"ओढलंय."

"मेल्या, दुसरी खंयची मिळाक नाय तुका?"

"संपला सगळा," मी म्हटलं. "इतके म्हयने फुकट गेले. आता आख्खो बंडल ओढतंय. तू जा पुढे. तू नंबर वन."

तो माझ्याशेजारी चिखलात बसला. खालची वाट धुक्यात गेली होती. तिकडे बोट करून म्हणाला, "पेट्रोलिंगाक चडताना पाय घसारलो, तर काय करतंस? खाली नाल्यात जावन परत पयल्यापासून चडतंस?"

"नाय."

"मगे? जंय घसारलंस थंयसून चड."

त्याने मला दगडापुढे उभं केलं. राखणदाराचं देणं फेडायला हवं होतं आणि दुसरी बिडी नव्हती. मी पुडीतली मूठभर सोलं काढून ठेवली. गाऱ्हाणं त्याने मलाच घालायला लावलं. "बा राखणदारा, एक बिडी माझ्या हातान गेली. ती पदरात घे आणि परत माका सांभाळून घे." जयवंत मागून एवढ्या मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हणाला की सेंट्रीने आवाज दिला, "थांब, कोण आहे?"

संध्याकाळी सुभेदार साहेबांनी पार्टीची तपासणी केली. सामान घेऊन टेकडीवर पळत जायचं, वर पोचल्यावर तोंड मिटून उभं राहायचं. मी उभा राहिलो आणि खोकला आला. ती बिडी की धुकं, कोण जाणे. साहेब जवळ आले, त्यांनी वास घेतला.

"लान्स नायक दत्ताराम, पोस्टवर. रेडिओ सेटवर बसशील."

"येस सर."

"पुढच्या वेळी ये."

पार्टी अंधार पडायच्या आत निघाली. सगळ्यात पुढे जयवंत. वळणावर त्याने मागे बघून गालावर बोट ठेवलं. म्हणजे सोल चघळ. मी मान फिरवली. मला त्याची दया नको होती. मला त्याची जागा हवी होती.

उजाडायला लागलं तेव्हा खाली फायर सुरू झालं. सेट माझ्या हातात होता.

"कंट्रोल, अल्फा वन. कॉन्टॅक्ट. वेट. आऊट."

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आवाज आला.

"कंट्रोल, अल्फा वन. तीन मारले. आपली एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"अल्फा वन, कंट्रोल. कोण? ओव्हर."

सेटवर असं विचारायचं नसतं आणि पलीकडच्याने सांगायचं नसतं. तो कराडकडचा पोरगा होता. तरी म्हणाला, "तुझा गाववाला. ओव्हर."

स्ट्रेचर पार्टीत मी होतो. नाल्यापर्यंत उतरलो आणि त्याला घेऊन वर चढलो. तीन ठिकाणी बाकीच्यांनी खांदे बदलले, मी बदलला नाही. लोक विचारतात, तू असतास तर तो वाचला असता का? नाही. मी शेवटून दुसरा असतो आणि गोळी पहिल्यालाच लागली असती. ते ओझं मी घेतलेलं नाही. मी त्याला फक्त वर आणलं.

पोस्टवर पोचल्यावर कोणीतरी माझ्यापुढे पेटवलेली सिगारेट धरली. मेजर साहेब समोरच होते, त्यांनीही अडवलं नाही. मी ती घेतली नाही. यात मोठेपणा नव्हता. जयवंत बिडी न ओढता गेला होता. आता मी ओढली असती, तर तो कायमचा जिंकला असता. जिवंत माणसाची बरोबरी करता येते, मेलेल्याची कशी करणार? राग इतका आला की मी बंकरमागे जाऊन रडलो. दगडाखालच्या बंडलाला हात लावला नाही.

पुढच्या अँबुशला मी गेलो. त्यानंतरच्याही सगळ्या अँबुशना गेलो. खोकला आला नाही.

दोन हजार सात साली हवालदार होऊन मी निवृत्त झालो. तोंडवलीला घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या, बायको मासे रांधते. जयवंतच्या नावाची मिठबावात कमान आहे, शाळेत फोटो आहे. पंधरा ऑगस्टला पोरं त्याच्यावर भाषण करतात. मी त्या भाषणांना जातो, टाळ्या वाजवतो आणि मनात म्हणतो, यालाच सगळं मिळालं. माझ्या नावाची पाटी आहे, ती जेवणाच्या दराची.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात एक पर्यटक ओसरीवर सिगारेटचं पाकीट विसरून गेला. बाहेर समुद्र खवळलेला, खोल्या रिकाम्या, बायको माहेरी. मी एक ओढली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पाकीट संपलं तेव्हा कट्टा गावच्या बाजाराला गेलो आणि नवं घेतलं. आपल्या गावच्या दुकानात घ्यायची लाज वाटली, म्हणून एवढ्या लांब गेलो. तिथल्या एस.टी. स्टँडवर मला पुन्हा तो खोकला आला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, "हवालदार, आता नाही सोडलीत, तर जिना चढता येणार नाही." सोडायची होती. पण आठ वर्षांची कमाई गेली, आता कशाच्या जोरावर सोडू, असं वाटायचं.

त्यातच जयवंत गेला तो जुलैतला दिवस आला. दर वर्षी त्या दिवशी मी मिठबावला जातो. त्याचे वडील वेशीवरच्या राखणदाराला बिडी पेटवून ठेवत. एक राखणदाराला आणि एक बाजूला, जयवंतला. त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते. जयवंतची बायको सुलोचना वयनी माझ्यासोबत वेशीवर आली आणि तिने दोन बिड्या माझ्यापुढे धरल्या.

"भावोजी, पेटवा."

बिडी पेटवायची म्हणजे ओठात धरून एक झुरका घ्यायचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी हात मागे घेतला.

"वयनी, माका नको सांगू. मी परत ओढूक लागलंय. आज ही ओठाक लावलंय, तर घराक जाईसर बंडल संपयतलंय." आणि मग तोंडातून गेलंच, "तुझ्या घोवासारखो मी नाय गो. त्याना एकदा सोडल्यान, ती सोडल्यान."

वयनी हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"कोणी सोडल्यान? सुट्टयेर इले की बागेतल्या मांगराच्या मागे बसान रोज ओढीत. त्या शिमग्याक पण. परत जाताना गाडी येवच्या आधी उरलेलो बंडल स्टेशनार टाकून देयत. दर वेळी तसाच."

"माका कधी बोललो नाय तो."

"मी म्हटलंय, भावोजींका खरा सांगा. तर म्हणूक लागले, गप ऱ्हव. दत्तो माझ्यार जळता, म्हणान सोडूक बघता. माका ओढताना बघल्यान, तर दुसऱ्या मिनटाक पेटयतलो."

मी वेशीवरच्या दगडावर बसलो. त्याला सगळं ठाऊक होतं. पाठीवर मारलेली जोराची थाप, फिरवलेली मान, सगळं. माझा जळफळाट त्याने चुलीतल्या विस्तवासारखा जपला होता, विझू दिला नव्हता. आणि चिखलात बसून मला जे सांगितलं, ते तो स्वतः करत होता. तोही घसरायचा आणि तिथूनच चढायचा.

वयनीने मग बिडी स्वतःच्या ओठात धरली, काडी ओढली आणि झुरका घेतला. तिला जोराचा ठसका लागला. "कायता मेला घाण," म्हणाली आणि दुसरीही पेटवली. दोन्ही दगडापुढे ठेवल्या. मी खिशातलं पाकीट काढून त्यांच्याजवळ ठेवलं.

"बा राखणदारा म्हाराजा," मी सुरुवात केली. "परत घसारलंय. परत हयसून चडतंय. आणि ह्या माझ्या गाववाल्याक सांभाळ."

"व्हय म्हाराजा," वयनी म्हणाली.

राखणदाराची बिडी वाऱ्याने विझली. जयवंतची मात्र नीट पेटत राहिली. धूर माझ्या नाकावरून जात होता आणि मी गालात सोल धरून बसलो होतो. तिथेही तोच ओढत होता आणि मी कोरडा. ती राख होईपर्यंत मी उठलो नाही.

"ओढ रे," मी म्हटलं. "तुझ्यावाटची ओढ आणि माझ्यावाटची पण."