नाव घातलेलं पातेलं

लग्नाला महिना उरला असताना मुलीने आहेराची यादी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तेव्हा मला घामच फुटला. एअर फ्रायर, इस्त्री, दोन चादरी. ज्याला जे द्यायचंय त्याने त्यापुढे आपलं नाव लिहायचं. "अगं, आहेर काय मागून घेतात? लाज आहे की नाही?" इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये मी इतकी ओरडले, की नवरा पेपर घेऊन गॅलरीत गेला. "माणसं प्रेमाने देतात, ते जपायचं असतं!"

सगळ्यात जास्त धास्ती होती माझ्या नामपूरच्या आत्याची. माझ्या लग्नात तिने स्वतःचं नाव घालून स्टीलचं मोठं पातेलं दिलं होतं. तिला काय वाटेल? मुलीच्या वतीने माफी मागायला मीच फोन लावला.

"माफी कसली? लय बरं केलं पोरीनं," आत्या म्हणाली. "मी इस्त्रीपुढं नाव लिहिलंसुद्धा. ती वापरंल तरी."

"म्हणजे?"

"तुझ्या नणंदेच्या वास्तुशांतीला आले होते ना मी? तिथं चहा माझ्याच पातेल्यात उकळत होता."

नणंदेला ते पातेलं मीच आहेरात दिलं होतं, काठाखालचं नाव न बघता.

त्या वास्तुशांतीला वीस वर्षं झाली. त्यानंतर आत्या कितीदा तरी माझ्याकडे राहून गेली, आणि दर वेळी माझ्या स्वयंपाकघरात सकाळचा चहा तिनेच केला, दुसऱ्या पातेल्यात.