भिंतीवरच्या चार पेट्या

माणसं जुनी नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. आम्ही तिघं जुने स्पीकर दुरुस्त करायला बसलो आणि किस्से जमा झाले. स्पीकर निदान भिंतीवर टांगता येतात. किस्से कुठे ठेवायचे? कोणी चहाला बोलावलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो आणि चहा थंड होतो. म्हणून एकदाचे लिहून मोकळी होते.

आम्ही तिघं म्हणजे रामटेके काका, मेश्राम भाऊ आणि मी. काका इथल्या स्टील प्लांटच्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. मेश्राम भाऊ रेल्वेत, दुर्ग स्टेशनला, अजून नोकरीत. मी रंजना. सिविक सेंटरच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. स्पीकरच्या टोळीत शिवणारी बाई कशाला, हे पुढे कळेलच.

आमच्या सेक्टरच्या बुद्ध विहारात चार भिंतींवर चार लाकडी पेट्या आहेत, प्रत्येकीत एक स्पीकर. विहार बांधला तेव्हा वासनिक आजोबांनी त्या स्वतःच्या हातानं बनवून लावल्या होत्या. आजोबा गेले. पेट्यांचंही वय झालं. एक खरखरायची, एकीचं तोंडावरचं कापड फाटलं होतं, एक तर पार मुकी झाली होती. अध्यक्ष डोंगरे साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की बुद्ध पौर्णिमेपर्यंत चारही पेट्या बोलल्या तर ठीक, नाही तर भंगारात जातील आणि नवे लाइटवाले स्पीकर येतील. वासनिक आजी मागे बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. ते पाहून रामटेके काका उठले आणि म्हणाले, "मी बोलतं करून देतो." काकांनी असं म्हटलं की ते आम्हां तिघांनाही लागू होतं.

आजी दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात हजर. "तीन काढा, पाहा. पण माह्या डोक्यावरचा चौथा चांगला आहे. त्याले हात लावू नका."

*

काका प्लांटमधून रिटायर झाले, पण प्लांट काही काकांमधून रिटायर झाला नाही. तिथला नियम असा की विजेच्या कामाला हात लावण्याआधी शटडाऊन घ्यायचा आणि स्विचला लाल टॅग लटकवायचा, 'माणसं काम करत आहेत, चालू करू नका'. आणि तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कोणी काढला तर त्याची खैर नाही.

पहिली पेटी घरी आली. तिला विजेचं कनेक्शनच नव्हतं, नुसता टेबलावर ठेवलेला लाकडी डबा! तरी काकांनी घराचा मेन स्विच पाडला, लाल टॅग लावला आणि स्क्रू खोलला. मग लक्षात आलं की फेविकॉल संपलाय. काका स्कूटर काढून फेविकॉल आणायला गेले, वाटेत बोरसीचा जुना दोस्त भेटला, तो त्यांना घरी घेऊन गेला. एप्रिलचं ऊन. इथे काकू कूलरशिवाय घामानं निथळताहेत.

मी गेले तर काकू वर्तमानपत्रानं वारा घेत पायरीवर बसलेल्या. मी म्हटलं, अहो स्विच वर करा ना. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चोरी करायला सांगितली.

"मी बी प्लांटवाल्याचीच बायको आहो. ज्यानं लावला तोच काढन."

काका संध्याकाळी आले, टॅग काढला, पंखा फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लाल टॅग गॅसच्या शेगडीवर लटकत होता. काकांनी तो बराच वेळ वाचला. मग चौकात पोहे खायला गेले. ज्यानं लावला तोच काढणार ना!

*

पहिल्या पेटीचं आतलं सगळं ठीक होतं. गेलं होतं तोंडावरचं कापड, सोनेरी जरीचं. इथे माझा प्रवेश होतो. स्पीकरचं कापड विरळ लागतं, आवाज आरपार गेला पाहिजे. काकांनी मला परीक्षा शिकवली. कापड तोंडाला लावायचं आणि फुंकर मारायची. पलीकडच्या हाताला हवा लागली तर कापड पास.

मी दुकानातले सगळे जरीचे पीस काढले आणि एकेकाला फुंकर मारत बसले. तेवढ्यात एक नवी गिऱ्हाईक आली. थोडा वेळ बघत राहिली, मग तिनं विचारलं, "दीदी, ये क्या देख रहे हो?"

मी फुंकरीच्या तंद्रीत. म्हटलं, "आवाज कितना बाहर आएगा, वो देख रही हूँ।"

बाईनं आपला ब्लाऊज पीस पिशवीत परत घातला आणि गेली. ती आजपर्यंत आलेली नाही.

पण कापड सापडलं. पेटी भिंतीवर परत चढली तेव्हा अशी चमकली की कार्यक्रमाला आलेल्या बायका बुद्धवंदना सोडून तिच्याकडेच पाहायला लागल्या. त्या आठवड्यात तिघी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, त्या स्पीकरसारखा ब्लाऊज शिवून द्या. मी शिवून दिले. आता त्या तिघी पेटीखाली ओळीनं बसल्या की डोंगरे साहेब भाषणात कोणाकडे बघून बोलताहेत ते कळत नाही.

*

दुसऱ्या पेटीत स्पीकरचा आतला कागदाचा कोन फाटला होता. मी पातळ कागद घेतला, मैद्याची खळ शिजवली आणि असा चिकटवला की जोड दिसेना. मीच माझ्यावर खूश. पेटी लावली, आवाज स्वच्छ.

रविवारी डोंगरे साहेब भाषणाला उभे राहिले आणि पेटी खरखरायला लागली. साहेब थांबले की खरखर थांबे. साहेब बोलले की परत सुरू. दुसरं कोणी बोललं तर काही नाही! साहेबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, यात आमच्यापैकी कोणाचा तरी हात आहे. मलाही क्षणभर काकांचा संशय आला.

काकांनी वायर बदलली, माईक बदलला. पुढच्या रविवारी तेच. शेवटी भाषण संपल्याबरोबर पेटी उतरवली आणि उघडली, तर आत एक गलेलठ्ठ झुरळ माझी खळ खात बसलेलं. कोनाचा एक कोपरा फस्त.

साहेबांचं समाधान होईना. "पण बाकीच्याइच्या वेळेस कावून नाई खरखर?"

काकांनी झुरळ कागदावर घेऊन बाहेर सोडलं. म्हणाले, "बाकीचे दोन शब्द बोलून बसते साहेब. त्याले जेवाले टाइम तुमच्याच भाषणात भेटते."

तेव्हापासून मी खळीत मोरचूद टाकते. साहेबांचं भाषण मात्र तेवढंच आहे.

*

तिसऱ्या पेटीतला स्पीकर जळलेला होता. त्या मापाचे स्पीकर आता बाजारात येत नाहीत. नवा घेतला तर पेटीची भोकं जुळत नाहीत, आणि आजोबांच्या पेटीला नवं भोक पाडायला काका तयार नाहीत. मेश्राम भाऊंना कळलं की कुम्हारीच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या स्पीकरांचं पोतं आलंय. आम्ही तिघं गेलो.

मुका स्पीकर जिवंत आहे की मेलेला, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. पेन्सिल सेलच्या दोन वायरी त्याला टेकवायच्या. जिवंत असला तर 'टक' असं बोलतो. काका पोत्याजवळ बसले आणि एकेकाला सेल लावू लागले. मेलेला, मेलेला, मेलेला. मग एक बोलला, टक. आणखी दोन बोलले, टक, टक.

भंगारवाला खुर्चीतून उठला. म्हणाला, फिर से करो. टक. त्यानं स्वतः केलं. टक. त्याच्या तोंडावर असं हसू आलं की त्याच्या आयुष्यात त्या दुकानात पहिल्यांदाच काही जिवंत निघालं असावं. मग त्यानं जाहीर केलं की हा एक विकायचा नाही. दुकानाच्या दारावर टांगणार, गिऱ्हाईकानं सेल लावून टक करायचं, तो मागून येईल.

काकांनी खूप समजावलं की अशानं घंटी वाजत नाही. तो ऐकेना. शेवटी दुसरे दोन जिवंत काढून दिले, एक लावायला आणि एक जादा. आणि आमचाच सेल ठेवून घेतला.

काही दिवसांनी त्याचा काकांना फोन, आवाज रडवेला. "अंकल, आपका वाला मर गया।"

काका बसमध्ये बसून कुम्हारीला गेले, नवा सेल दिला आणि परत आले. मी विचारलं, एवढ्यासाठी? काका म्हणाले, "त्यानं आपल्याले दोन देले. आपण त्याचा एक मरू द्याव का?"

*

तिसरी पेटी लावली आणि टेस्टिंग ठरलं. काका मागच्या खोलीत ॲम्प्लिफायरपाशी, मी हॉलमध्ये, मेश्राम भाऊ बाहेर दारात, आवाज रस्त्यापर्यंत किती जातो ते पाहायला. आता स्पीकर चालू असताना ओरडून काही सांगता येत नाही. मेश्राम भाऊ म्हणाले, सोप्पं आहे, आणि घरून लाल आणि हिरवी झेंडी घेऊन आले. आवाज जास्त झाला की लाल. बरोबर झाला की हिरवी. ती झेंडी मी पाहायची आणि काकांना हात करायचा.

काकांनी बटण फिरवलं. मेश्राम भाऊंनी लाल झेंडी दाखवली. आणि विहारासमोरून जाणारी ऑटो करकचून थांबली. तिच्यामागे एक मोटारसायकल थांबली, मग शाळेची व्हॅन. मेश्राम भाऊंचं तोंड आमच्याकडे, त्यांना पत्ता नाही. इकडे काकांना आवाज जुळेना आणि तिकडे लाल झेंडी खाली येईना. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं, उतरला, आणि अदबीनं मेश्राम भाऊंना विचारलं,

"साहब, कौन सी गाड़ी आ रही है?"

मेश्राम भाऊ वळले. समोर एवढी रांग! रेल्वेचा माणूस, रांग अडकलेली पाहून त्याला एकच गोष्ट सुचते. त्यांनी हिरवी दाखवली. रांग सुटली. मला वाटलं आवाज जुळला, मी काकांना हात केला. काकांनी बटण तिथेच सोडलं.

आमच्या विहाराचा आवाज आजही त्या ऑटोवाल्याच्या सोयीनं लावलेला आहे.

*

राहिली चौथी पेटी. डोंगरे साहेब अडून बसले की चारही तपासल्याशिवाय मंजुरी नाही. आजी रोज संध्याकाळी येऊन आठवण करून द्यायच्या, त्याले हात लावू नका. आजींच्या जागी सगळ्यात साफ ऐकू येतं, असं सगळे म्हणायचेही. पण साहेबांपुढे इलाज नव्हता. आजी लेकीकडे गेल्या त्या दिवशी आम्ही ती उतरवली आणि उघडली.

आत काहीच नव्हतं.

स्पीकर नाही, कोन नाही, काही नाही. स्वच्छ लाकूड. एक वायर आत येऊन खिळ्याला गुंडाळलेली आणि तिच्या टोकाला नीट टेप लावलेली. मला आजोबांची फार कीव आली. त्या काळी चौथा स्पीकर मिळाला नसेल, कमिटीपुढे खाली पाहावं लागू नये म्हणून बिचाऱ्यांनी रिकामी टांगली असेल. आणि आजी इतकी वर्षं तिच्याखाली अभिमानानं बसल्या! हे त्यांना कळलं तर काय वाटेल? आम्ही तिथेच ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. कुम्हारीचा जादा स्पीकर काकांनी आत बसवला. चारही स्पीकरांत तोच सगळ्यात दणदणीत निघाला.

पौर्णिमेला हॉल भरला. डोंगरे साहेबांनी माईक हातात घेतला आणि चारही पेट्या एकदम बोलल्या. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पेट्या भिंतीवरच राहतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरून आले. मी आजींकडे पाहिलं, तर त्या जागेवर नव्हत्या. बाहेर चपलांपाशी पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी डोकं धरून.

काका आणि मी धावत गेलो. काका खाली बसले. "आजी, ऐकलं का? बुढ्याचा डब्बा बोलून राहिला."

"तुम्ही त्याच्यात काय टाकलं?" आजी म्हणाल्या.

काकांनी सांगून टाकलं, कुम्हारीचा जादा स्पीकर.

"मले मोठा आवाज सहन होत नाई. पहिल्यापासून. डोकं फुटते. विहार झाला तं मी म्हटलं, मी नाई येत. माह्या बुढ्यानं मले सांगितलं, तू ये, तुह्या डोक्यावरचा मी रिकामा लावतो."

काका उठले. खिशातून पक्कड काढली आणि आत गेले. डोंगरे साहेबांचं भाषण ऐन रंगात आलेलं, आणि काका भर हॉलमध्ये स्टूल ठेवून चौथ्या पेटीवर चढले. साहेबांनी माईकवरून विचारलं, "रामटेकेजी, काय झालं?"

"काही नाई साहेब. ट्युनिंग करून राहिलो."

पक्कडीनं वायर तुटल्याचा आवाज झाला. काका उतरले. आजी आत आल्या, आपल्या जागी बसल्या, भिंतीला डोकं टेकवलं. साहेबांनी हौसेनं माईकवरूनच विचारलं, "आजी, आता बरोबर येते का आवाज?"

"आता एकदम बरोबर," आजी म्हणाल्या.

हॉलनं परत टाळ्या वाजवल्या. आजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणलं.

"सांगू नको बाई कोणाले. सारेच येऊन बसतीन माह्या जागेवर."