गाठ तपासली, आजीला हसले

आधी नसीम आपांचं नाव घेते. त्या नसत्या तर माझी आई औषधाविना घरी बसली असती.

शहरातल्या मोठ्या दवाखान्याचं शिबिर धाराशिवला भरलं होतं. आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आधीच तपासायला गेलेला. नसीम आपा त्याच दवाखान्यात कॉम्प्युटरवर. गाठीतल्या डीएनएचा कुठला भाग वाढला, कुठला गळाला, ते प्रोग्रॅम लावून शोधायच्या. मूळच्या इथल्याच, येडशीच्या; शिबिरालाही आलेल्या.

डॉक्टरांनी तपासलं. आई अजून पोलक्याच्या गुंड्या लावत होती. तेवढ्यात त्यांनी पडद्यावर तिचा आलेख लावला. समोर शिकाऊ पोरं. काही पट्ट्यांवर बोट ठेवून विचारलं, "आईबाप नात्यातले का?"

"व्हय. बापाच्या मामाचीच लेक माजी आई," आई म्हणाली.

"गावात दुसरं घर नव्हतं?" मग पोरांकडं वळून, "गायीलासुद्धा बाहेरचा वळू दाखवतात."

पोरं हसली. आईच्या हातून गुंडी सुटली. इस्त्रीचे कोट, आणि तोंडात गटार.

बाहेर आई म्हणाली, "खोट माज्या आईच्याच कुशीत हुती. आता औषधाचं नाव काढू नगस. घरी चल."

मेलेली आजी. तिला गुन्हेगार करून ठेवलं.

सातवीत शाळा सुटलेली मी. तरी परत आत शिरले.

"साहेब, गाठीचं बोला. माझ्या आजीवर हसायचं नाही."

"तुला काय कळतं यातलं?"

"न्हाय कळत. न कळणाऱ्याला सांगायचं असतं. हसायचं नसतं."

कॉम्प्युटरमागून नसीम आपा उठल्या. "सर, यांच्या रक्ताशी ताडून बघितलंच नाही. नुसत्या गाठीवरून प्रोग्रॅमनं अंदाज केलाय. रक्त घेते."

पुढं आईला त्यांचाच फोन आला. "मावशी, ते पट्टे तुमच्या रक्तातही हायत. जन्मापासूनचे. नात्यातल्या लग्नानं तसं दिसतं, त्यानं ही गाठ झाली न्हाय. प्रोग्रॅमनं ते गाठीच्या नावावर टाकले. गाठीचं वेगळंच निघालं. एका जनुकाच्या ढीगभर प्रती झाल्यात. त्यावर सुईचं औषध हाय."

"म्हंजी माज्या आईचं न्हाय ते?"

"न्हाय मावशी."

"मग सुईला कवा येऊ?"

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. त्या हसण्याची किळस अजून जिभेवर आहे.

मी आता पुण्यात, खानावळीत पोळ्या लाटते. आईला सुईला भावजय नेते. गावचा फोन वाजला की पिठाच्याच हातानं उचलते. पण दवाखान्यात कुणाच्या आईबापावर कुणी हसलं, तर मी उठणार. बोलणार. बाहेर काढलं तरी दारातून बोलणार.

आणि नसीम आपा, तुमच्या घरचं माणूस कधी आजारी पडलं, तर हातातलं लाटणं टाकून येईन. तुमचं फेडल्याशिवाय राहणार नाही.